लंबूच्या बदल्यात

फेब्रुवारी आला की अदलाबदलीचे दिवस येतात. बाहेर आमच्या डच गावात, हूफडॉर्पमध्ये, अजून काही फुटलेलं नसतं. कालव्याकाठच्या गवतात क्रोकसची दोन-चार जांभळी टोकं, वाऱ्याने आडव्या पडलेल्या सायकली, आणि सकाळी आठलाही दिवा लावून करावा लागणारा चहा. पण तिकडे अमेरिकेत बास्केटबॉलचा मोसम मध्यावर आलेला असतो. कोणता संघ कोणाला सोडणार, कोणाला उचलणार, याच्या बातम्या सुरू होतात. एक तारीख ठरलेली असते. तिच्या आत काय द्यायचं-घ्यायचं ते उरकायचं, नंतर दुकान बंद.

या सोमवारी आमचा जुना ग्रुप अचानक जागा झाला. इथल्याच कापेल आन डेन आयसेल गावातल्या वैदेहीने लिहिलं, "लोकहो, लीग परत सुरू करायची का? किती वर्षं झाली!" दहा मिनिटांत पाच जण हो म्हणाले. मग नागपूरहून एक ओळ आली. "जय भीम मंडळी. मी पण आहे." मिलिंद. हातात चहाचा कप धरून मी ती ओळ वाचली आणि मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. आनंद नाही, धक्का नाही. एवढंच कळलं, की आता याला फोन करायला हवा आणि सांगायला हवं, की करोनाच्या त्या मार्चमध्ये मी त्याचे फोन का उचलले नाहीत.

आज शुक्रवार. अजून केलेला नाही.

आमची लीग म्हणजे आठ मराठी माणसं आणि आठ कागदावरचे संघ. खरे खेळाडू अमेरिकेत पळायचे, घाम गाळायचे, आणि त्यांनी तिकडे जे दिवे लावले त्याचे गुण इकडे आमच्या संघांना मिळायचे. खेळाडूंची खरी नावं आम्ही कधी घेतलीच नाहीत. सव्वासात फुटी होता तो लंबू. मनात आलं तर खेळायचा, नाहीतर गुडघा दुखतो म्हणून सूट घालून बाकावर बसायचा, तो जावईबापू. एकदा चेंडू हातात आला की कोणाला द्यायचंच नाव घ्यायचा नाही, तो सरपंच. वैदेही आमची कमिशनर. तिच्याइतकं काटेकोर माणूस मी खेमेंटेत, म्हणजे इथल्या महापालिकेतही पाहिलेलं नाही. आणि मी व्यापारी. हे नाव मिलिंदनेच ठेवलं होतं.

मिलिंद आणि मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका खोलीत राहायचो. तो नागपूरचा, लहानपणापासून मैदानावर वाढलेला. आमच्या कॉलेजच्या संघात तो चेंडू खेळवायचा आणि मी बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या आणि गुणफलक सांभाळायचो. सगळ्यांच्या नजरा चेंडूवर असायच्या तेव्हा याची नजर भलतीकडेच असायची. विचारलं तर म्हणायचा, "अव्या, चेंडूकडे काय पाहायचं बे? तो तर येऊनच राहिला. माणसं कुठं चालली ते पाहा." ते मला कधी जमलं नाही. मला आकडे जमले. म्हणून तर पुढे मी आयटीत आलो आणि तो बटाट्याच्या स्टार्चवर संशोधन करायला ग्रोनिंगनला आला. माझ्यामागून दोन वर्षांनी. स्खिपोल विमानतळावर त्याला घ्यायला मीच गेलो होतो.

तर व्यापार. कागदी संघ चालवायला खेळ कळावा लागत नाही, भाव कळावा लागतो. खेळाडू उतरणीला लागायच्या एक वर्ष आधी विकायचा, लोक त्याच्यासाठी अजून टाळ्या वाजवत असतानाच. दोन बरे खेळाडू देऊन एक उत्तम मिळत असेल तर डोळे मिटून घ्यायचा, कारण मैदानावर पाचच जण उभे राहतात. आणि सगळ्यांत मोलाची चीज म्हणजे पिक. पुढच्या वर्षी जी नवी पोरं लीगमध्ये येतील, त्यांतलं हवं ते आधी निवडायचा हक्क. पिकला चेहरा नसतो, म्हणून त्याच्याबद्दल प्रत्येकाला वाट्टेल ते स्वप्न पडतं. प्रत्यक्ष पोरगं निवडलं, ते अडखळून पडलं, की भाव उतरला. तेव्हा पिक गोळा करत राहायचे आणि दुसऱ्याची स्वप्नं फुगली की विकायचे. पण या सगळ्याच्या वरचा नियम एकच. आपली गरज दाखवायची नाही आणि समोरच्याची ताडायची. घाईतला माणूस जास्त देतो. त्याला थांबवून ठेवायचं.

मुग्धा, माझी बायको, म्हणायची, "तुम्ही खेळता की लिलाव करता रे?" मी म्हणायचो, "तेच तर खेळणं आहे." मला याचा केवढा अभिमान होता!

तो हिवाळा कसा होता हे आता सांगायला गेलं तर नीट सांगता येत नाही, कारण तेव्हाही तो नीट जाणवत नव्हता. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल बधिर असतो, चहा ओघळतो आणि शर्ट ओला झाल्यावरच कळतं, तसं काहीसं. मुग्धा जेवणाच्या टेबलावर, मी बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, आणि सईची शाळा जिन्यावर. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला जिन्यातच वाय-फाय चांगलं मिळायचं. स्खिपोल इतकं जवळ की एरवी डोक्यावरून विमान गेलं की फोनवर "एक मिनिट हं" म्हणायची आम्हाला सवय. त्या हिवाळ्यात ते म्हणावंच लागलं नाही. आभाळ गप्प. नऊनंतर बाहेर पडायची बंदी होती, घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा, दुकानं दाराशी येऊन वस्तू देत होती. लोक म्हणायचे, फार घुसमट होते. मला होत नव्हती. मला काहीच होत नव्हतं. सकाळी उठून रात्रीच्या सामन्यांचे आकडे बघायचे, हाच दिवसातला एक जिवंत भाग होता.

सौद्यासाठी मिलिंदचा पहिला फोन जानेवारीत आला. "अव्या, सरपंच देतोस का?" सरपंच उतरणीला लागलेला, मी तो कोणाच्या गळ्यात मारावा याच विचारात होतो. मी म्हटलं, "बघू. तुझा पुढच्या वर्षीचा पहिला पिक दे." मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "विचार करतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग तिसऱ्या दिवशी. चौथ्या फोनला त्याने पिक दिला. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मुग्धाला सांगितलं, "मिलिंदला बास्केटबॉल कळतो, पण व्यवहार अजिबात कळत नाही." ती कणीक मळत होती. तिने विचारलं, "तो कसा आहे?" मी म्हटलं, "कसा म्हणजे? बरा आहे." खरं तर मी विचारलंच नव्हतं.

त्याचे फोन एका ठरावीक वळणाने जायचे. सुरुवात खेळाडूपासून. अमक्याचा डावा हात सुधारलाय, तमक्याला आता चेंडू कमी मिळणार. ते तो इतकं छान सांगायचा की डोळ्यांपुढे मैदान उभं राहायचं. मग हळूच गाडी घसरायची. खोलीच्या खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो म्हणे, नव्वद सायकली आहेत, त्यातली एक लाल सायकल नोव्हेंबरपासून हललेली नाही. लॅबमध्ये आठवड्याला दोनच दिवस जायला मिळतं, तेही एकेकट्याने. शेजारचा इटालियन मुलगा घरी निघून गेला. सावजी मटण करायला घेतलं तर धुराचा भोंगा वाजला आणि खालची म्हातारी वर आली, दारातच उभी राहून पाच मिनिटं बोलली. "अव्या, पाच मिनिटं! डचमध्ये! मला अर्धंच समजलं बे, पण मजा आली." इथवर आला की मी म्हणायचो, "ते राहू दे रे. त्यानंतरच्या वर्षीचा पिकही टाकतोस का ते सांग." तो म्हणायचा, "उद्या सांगतो."

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. तेव्हा वाटली नाही.

फेब्रुवारीत बर्फ पडला आणि मग कालवे गोठले. सगळा देश स्केट्स घालून बाहेर पडला, जणू कोणी शिक्षा माफ केली होती. सई पडली, रडली, पुन्हा उभी राहिली. मिलिंदने ग्रोनिंगनहून व्हिडिओ पाठवला. गोठलेल्या कालव्यावर एक बाई खुर्ची ढकलत चालली होती आणि खुर्चीत तिचा नवरा बसला होता. खाली त्याने लिहिलं होतं, "एक पाहुणा चालतो रे नियमात. ये ना. शनिवारी ये, झोपायला गादी आहे." ट्रेनने अडीच तास. मला शनिवारी काहीही काम नव्हतं. मी व्हिडिओ पूर्ण पाहिला, दोनदा पाहिला, आणि उत्तर लिहिलं, "जावईबापूचं काय ठरलं?"

त्याने जावईबापू दिला. त्याच्या बदल्यात मी काय दिलं ते आता मला आठवतही नाही, इतकं ते किरकोळ होतं. त्या सौद्याला पाच फोन लागले.

मग मी फोन न उचलायला लागलो. हे मुद्दाम. रागाने नाही, कंटाळ्याने नाही, अगदी थंड डोक्याने. ज्याचा फोन आपण उचलत नाही तो रात्रभर विचार करतो, आणि सकाळी थोडं जास्त देतो. हे मी ऑफिसात शिकलो होतो, दुसऱ्या कंपन्यांशी बोलणी करताना. मिलिंद संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला करायचा. फोन टेबलावर थरथरत गोल फिरायचा. जिन्यावरून सई ओरडायची, "बाबा, मिलिंदकाका बेल्ट वेर!" म्हणजे पुन्हा फोन करतोय. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर डचमध्येच येतं. मी म्हणायचो, "वाजू दे." मुग्धा एकदा दारात येऊन उभी राहिली.

"अरे, उचल ना. एकटा आहे तो तिकडे."

"घाईत आहे गं तो. दोन दिवस थांबवला की अजून देईल."

"काय अजून देईल?"

"लंबू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला कधीकधी काय बोलावं तेच कळत नाही मला," आणि गेली. मला ते लागलं नाही. मला वाटलं, तिला खेळातलं कळत नाही.

लंबू हा लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू. ज्याच्याकडे लंबू, तो जिंकणार, इतकं सरळ गणित. त्या वर्षी मोसम डिसेंबरात सुरू झाला होता, त्यामुळे आमची शेवटची तारीखही पुढे ढकलली गेली होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारा. त्या आठवड्यात बुधवारी मिलिंदचा मेसेज आला. "लंबूबद्दल बोलायचंय. फोन कर." मी केला नाही. गुरुवारी त्याचा फोन आला, मी वाजू दिला. शुक्रवारी दोन. शनिवारी सकाळी एक, दुपारी एक. दुपारच्या फोननंतर एवढंच आलं, "अव्या, उचल बे." मी खिडकीशी उभा होतो. समोरच्या घरातली डच बाई दाराबाहेर हळदी रंगाचे डॅफोडिल्स कुंडीत लावत होती. तिने हात केला, मीही केला. मनात म्हटलं, आता उद्या बाराच्या आत येतंय बघ.

आलंच. रविवारी बाराला वीस मिनिटं कमी असताना अॅपवर त्याचा प्रस्ताव आला. फोन नाही, मेसेज नाही. लंबू माझ्याकडे, आणि बदल्यात त्याने मागितला होता माझ्या बाकावरचा एक असा खेळाडू, ज्याला आम्ही टोपणनावसुद्धा दिलं नव्हतं. मी बटण दाबलं.

दोन मिनिटांत वैदेहीचा फोन. ती एकदम भडकलेली. "अविनाश, हे काय आहे? तुमच्या दोघांचं काही साटंलोटं आहे का? मी हे रद्द करणार आहे." मी म्हटलं, "त्यालाच विचार. त्यानेच पाठवलंय." तिने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन आला, आवाज खाली आलेला. "तो म्हणाला, जाऊ दे, पास कर. विमानतळावर आहे म्हणाला. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, आज संध्याकाळच्या फ्लाइटने कायमचा चाललाय. तुला माहीत असेलच ना?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं कोण जाणे. आमच्या घरापासून स्खिपोल बसने पंधरा मिनिटं. बारा वाजले होते, त्याचं विमान संध्याकाळचं. सायकलवर टांग टाकली असती तरी पोचलो असतो. दारात का होईना, दोन मीटर अंतर ठेवून का होईना, भेटलो असतो. मी खाली गेलो, मुग्धाला काही सांगितलं नाही, जेवायला बसलो. वरणभात होता. सई शाळेतलं काहीतरी सांगत होती. मी जेवलो, भांडी मशीनमध्ये लावली, आणि लंबू माझ्या संघात नीट आला आहे का ते पाहिलं. आला होता.

मग एप्रिल. तो महिना कोणाला सांगायची गरज नाही. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या घरी भारतात कोणी ना कोणी आजारी होतं. खेळाडूंच्या नावांऐवजी ग्रुपवर बेड आणि ऑक्सिजनचे नंबर फिरत होते, आणि मग तेही थांबले. भारतातून येणारी विमानं बंद झाली. वैदेहीचे वडील सांगलीत वारले आणि तिने शेवटचं दर्शन ऑफिसच्या लॅपटॉपवर घेतलं. कोणी आपल्या संघाकडे बघत नव्हतं. जखमी खेळाडू तसेच्या तसे मांडून ठेवलेले, संघ आपोआप हरत होते. आठांतला एकच माणूस रोज सकाळी चहा घेताना आपले पाच जण नीट निवडत होता. मी. आमच्याकडेही पुण्यात मामा अॅडमिट होते. मी त्यांची चौकशी करायचो, फोन ठेवायचो आणि लंबूचे गुण मोजायचो. क्रूरपणाने नाही हो. दुसरं काही करताच येत नव्हतं, एवढंच.

मी मिलिंदला लिहिलं होतं, "घरी सगळे ठीक?" त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्यावर मी वर्षानुवर्षं काढली.

मेमध्ये मी लीग जिंकलो. वैदेहीने, शब्दाला पक्की ती, जिंकणाऱ्यासाठी ठरवलेला कप पोस्टाने पाठवला. वडील जाऊन महिना झाला नव्हता. आत चिठ्ठी होती, "अभिनंदन, व्यापारी." तो कप मुग्धाने बाल्कनीत ठेवला आणि त्यात पुदिना लावला. त्यानंतर लीग कोणी सुरूच केली नाही.

काल इथवर लिहून थांबलो होतो. वाटलं होतं, लिहून झालं की हलकं वाटेल, आणि मग फोन नाही केला तरी चालेल. पण मुग्धाने वाचलं. वाचून झाल्यावर तिने कागद टेबलावर ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? त्याला सांग." मी म्हटलं, "आता काय उपयोग? तो विसरला असेल." ती म्हणाली, "मग तर सोपंच आहे."

आज शनिवार. इथे दुपारचे बारा, म्हणजे नागपूरला साडेचार. नंबर लावला आणि मनातल्या मनात म्हटलं, नाही उचलला तर बरं. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल बे व्यापाऱ्या!"

मागे चेंडू आपटत होते, शिटी वाजत होती. तो आता कॉलेजात शिकवतो आणि संध्याकाळी मुलींच्या संघाला खेळवतो, हे मला वैदेहीकडून कळलं होतं. मी इकडचं-तिकडचं काही न बोलता एका दमात सांगून टाकलं. की मिलिंद, त्या मार्चमध्ये मी तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत. तू घाईत आहेस असं मला वाटलं. भाव वाढावा म्हणून मी तुला थांबवत होतो. तू चालला होतास हे मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. माझं चुकलं रे. फार चुकलं.

तो हसला. खोटं नाही, मनापासून हसला. "माहीत होतं ना मला! तू काहून उचलत नव्हता ते मला पहिल्या दिवशीच समजलं. चार वर्षं तुझ्यासोबत एका खोलीत काढली, अव्या."

"मग तरी लंबू दिलास? तुला त्याचा भाव माहीत नव्हता?"

"मला?" तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा जास्त माहीत होता." मग कोणाला तरी, "ताई, कोपर आत!" असं ओरडला, आणि पुन्हा माझ्याशी बोलायला लागला. "ऐक. मी तुला नुसताच फोन केला ना, कसा आहेस वगैरे, तर तू दोन मिनिटांत मीटिंग आहे म्हणायचा. सरपंचाचं नाव काढलं तर वीस मिनिटं बोलायचा. हे मी डिसेंबरातच पाहून ठेवलं होतं. एका पिकला चार फोन होत होते. जावईबापूला पाच झाले. त्या खोलीत माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणीच नव्हतं यार. घरी खोटं बोलायचो, मजेत आहे म्हणून. मग काय करतो? होतं नव्हतं ते एकेक करून लावलं. मस्त चालून राहिलं होतं."

मी बोटांवर ते फोन मोजू लागलो.

"लंबू शेवटचा होता," तो म्हणाला. "त्याच्यावर मला वाटलं आठवडाभर तरी निघेल. निदान निघायच्या आधी एकदा तुमच्याकडे जेवायला येता येईल. तू उचललाच नाही. मग स्खिपोलवर बसल्या बसल्या म्हटलं, आता ठेवून तरी काय करू? देऊन टाकला." शिटी वाजली. "काही मनात ठेवू नको बे. तू लीग जिंकला ना? झालं तर. बोल, आता कोणता पाहिजे? नवीन टीम अजून निवडली पण नाही मी."

"नाही," मी म्हटलं. "काही नको. नुसताच केला फोन."

"नुसताच?"

"हो. नुसताच."

"मग बोल," मिलिंद म्हणाला, आणि थांबला.

मी कान फोनला लावून बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. सई किती मोठी झाली, मुग्धा कशी आहे, इथे वारा किती सुटलाय, त्याचे आईबाबा आहेत का, कसे आहेत, त्या एप्रिलमध्ये काय झालं. यातलं एकही वाक्य माझ्या तोंडातून येईना. पलीकडे मुली धावत होत्या, चेंडू आपटत होता. कितीतरी वेळ गेला. त्याने फोन ठेवला नाही.